जुनी होडी घेताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपल्याकडे आहे. ती रचणारा गृहस्थ घाटावरचा असला पाहिजे. किनाऱ्यावरचा असता, तर 'होडी पाहावी घेऊन' हे तिसरे कलम त्याने तीत खचित घातले असते. घर फसले तर माणूस कोणाच्या तरी ओसरीवर निजून दिवस काढतो. लग्न फसले तर निदान मध्यस्थाला दोष देता येतो. होडी फसली तर तक्रार सांगायला परत येण्याचीच खात्री नसते! त्यातून होडी जुनी असली म्हणजे पाहावयासच नको. नव्या होडीचे दोष एकट्या सुताराचे. जुन्या होडीत सुताराचे असतातच. शिवाय मागच्या मालकाचे, त्याच्या खलाशांचे आणि तिने काढलेल्या प्रत्येक पावसाळ्याचे दोष मुकाट्याने बसलेले असतात.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कसा पोचतो, हे आधी सांगितले पाहिजे. आमचे घराणे मूळचे कोळ्यांचे. आजोबांच्या हातून जाळे सुटले, वडिलांनी कारखान्याची नोकरी धरली, आणि मी पवईच्या तळ्याकाठी बिऱ्हाड करून जुनी पुस्तके आणि गॅझेटियरे चाळीत बसलो. धाकटी बहीण मात्र वर्सोव्याच्या कोळीवाड्यात दिलेली. तिच्या सासरची होडी निकामी झाली, नवी बांधण्याइतका पैसा जवळ नाही, आणि त्या एका होडीवर तीन बिऱ्हाडांच्या चुली पेटावयाच्या, असा प्रसंग आला. थोरल्या भाच्याला एका कचेरीत नोकरी मिळत होती. तो म्हणाला, "मामा, चांगली जुनी होडी मिळाली तर मी दर्यावर राहीन, नाही तर कचेरीत जाईन." बहिणीने पाटल्या काढून ठेवल्या आणि मला निरोप धाडला: तू सोबत ये. होडीतले मला काय कळते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "होडीतले कळणारे पुष्कळ आहेत. कागदातले कळणारा एकही नाही."

तेव्हा सलग काही रविवार आम्ही मामा-भाचे जुन्या होड्या पाहात हिंडलो. त्या हिंडण्यात जे दिसले आणि पूर्वी जे वाचले होते, त्यांची सांगड घालताना माझ्या ध्यानात आले की, मुंबईत जुनी होडी कशी पारखावी हा प्रश्न निदान तीनशे वर्षांचा आहे. त्याचे उत्तर काळाबरोबर दोनदा बदलले. एकेकाळी ते लाकडात होते, मग यंत्रात गेले, आणि आता कागदात येऊन बसले आहे.

पवईपासूनच सुरुवात करतो. येथे राहणाऱ्या पुष्कळांना आपले तळे निसर्गाने दिलेले वाटते. ते तसे नाही. वाढत्या मुंबईला पाणी पुरेना म्हणून विहार १८६० साली आणि तुळशी १८७९ साली बांधून झाले. त्यानंतर १८९१ च्या सुमारास पवईला बांध घालून हे तळे केले. पण लगेच १८९२ साली तानसाचे मोठे पाणी मुंबईत आले, आणि पवईचे महत्त्व ओसरले. पुढे हे पाणी पिण्यास योग्य राहिले नाही. ते बागांच्या आणि कारखान्यांच्या कामी येऊ लागले. माणसांनी सोडलेले तळे मग गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी धरले. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही त्यांची जुनी संस्था येथेच आहे. तळ्यातल्या मगरी हे पवईकरांचे आणखी एक भूषण!

या तळ्याचा सांडवा मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीतून समुद्राला जाते. म्हणजे आमच्या दारचे गोडे पाणी काही कोसांतच खारे होते. होडी पारखणाऱ्याला हा गोड्या-खाऱ्याचा भेद पहिल्या पाठासारखा शिकावा लागतो. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. तो फळीत बारीक छिद्राने शिरतो आणि आत बोटाएवढी भुयारे खणतो. वरून फळी धडधाकट दिसते, आतून जाळी झालेली असते. गोड्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. पण गोड्या पाण्याचा शत्रू वेगळा: त्याने लाकडाला बुरशी धरते आणि ते कुजते. खाऱ्या पाण्यात ही बुरशी सहसा वाढत नाही. मौज अशी की, आयुष्यभर समुद्राने जिचे काही केले नाही अशी होडी चार पावसाळे उघडी पडली तर पावसाच्या गोड्या पाण्यानेच खलास होते. म्हणूनच जुनी मंडळी ज्येष्ठात होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवीत. घर शाकारायला एक वेळ उशीर झाला तरी चाले, होडी शाकारायला होता कामा नये.

लाकडाचे मोल मुंबईने जगाला कसे शिकवले, ही कथा या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी या पारशी कारागिराला मुंबईस आणले. जहाजे बांधणारे म्हणून त्याच्या घराण्याला वाडिया हे नाव पडले, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीचे मुख्य कारागीर त्याच घराण्यातून निघाले. ही जहाजे सागाची. इंग्लंडात जहाजे ओकची बांधीत. ओकमधल्या आंबट द्रव्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड झिजते. सागाच्या अंगी तेल असते. ते किडीला आणि पाण्याला दाद देत नाही आणि लोखंडालाही सांभाळून घेते.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ नौका पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हातची ही नौका मलबारी सागाची होती. नौदलाने ऐंशी वर्षे वापरून १८९७ साली ती मोडीत काढली. याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाची 'फूद्रॉयां' ही जुनी नौका इंग्लंडात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. त्याला मुलांना दर्याचे शिक्षण देण्यासाठी दुसरी नौका हवी होती. त्याने मोडीवाल्याकडून 'ट्रिंकोमाली' विकत घेतली आणि तिला फुटलेल्या नौकेचे नाव दिले. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले, आणि आज ती उत्तर इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षे उलटून गेली! जुनी होडी घेणाऱ्यांचा एखादा संप्रदाय काढायचा झाला, तर या कॉबसाहेबाला मी आद्य गुरू मानीन. ज्या नौकेची किंमत मोडीवाल्याने सरपणाच्या भावाने केली, तिच्यात त्याला आणखी एक आयुष्य दिसले.

राजेरजवाड्यांच्या जहाजांना जो न्याय तोच कोळ्याच्या होडीला. लाकूड बहुधा वलसाडकडच्या जंगलातला साग. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल. बुडाला चुना आणि चरबीचा लेप. वरच्या अंगाला मुशीच्या काळजाचे तेल. हे एकदा करून भागत नाही. दर हंगामात होडी कोरडी करून पुन्हा करावे लागते. मासळीच्या वाटपात होडीलाही वाटा असतो. खलाशांचे वाटे, जाळ्याचा वाटा, तसा होडीचा वाटा. शहरातल्या वाचकांना यात मालकाची हुशारी दिसेल. पण त्या वाट्यातूनच होडीचे तेल, राळ आणि खिळे यावयाचे असतात. जो मालक होडीचा वाटा घरखर्चात घालतो, त्याची होडी विकावयाची पाळी लवकर येते, आणि घेणाऱ्याने सावध राहावे ते अशाच होडीपासून.

पहिल्या रविवारी आम्ही जी होडी पाहिली ती नव्या नवरीसारखी नटलेली होती. निळा-पिवळा रंग ताजा, नाळेवर, म्हणजे पुढच्या चढत्या टोकावर, फुलांची माळ. भाचा हरखला. सोबत वर्सोव्याचा एक वृद्ध सुतार होता. त्याने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. लहान हातोडी घेऊन तो फळ्या ठोकीत निघाला. निरोगी लाकूड ठणठणीत बोलते, कुजलेले भसकट. मग होडीच्या आत, जेथे पावसाचे पाणी साचते त्या कोपऱ्यांत, त्याने सुरीचे टोक दाबले. ते लोण्यात शिरावे तसे शिरले. खिळ्यांच्या डोक्यांखालून गंजाचे तांबडे ओघळ आले होते. त्यांवर रंग फासलेला होता. शेवटी त्याने होडीत घागरीने पाणी ओतावयास लावले. होडी जमिनीवर असताना आत पाणी ओतले की ते जेथून बाहेर ठिबकते, तेथूनच समुद्रात आत येणार, हे उघड आहे. पाणी सात ठिकाणी ठिबकले. सुतार भाच्याला म्हणाला, "नवीन रंग बघितलास की दोन पावले मागे सर." संसारात इतरत्रही उपयोगी पडेल असे हे वाक्य मी टिपून ठेवले आहे.

येथवर लाकडाची गोष्ट झाली. यंत्राचे युग आपल्या किनाऱ्यावर आले ते स्वातंत्र्यानंतर. तत्पूर्वी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १९२१-२२ साली 'विल्यम कॅरिक' नावाची वाफेची मासेमारी नौका मुंबई सरकारने मुद्दाम प्रयोगासाठी वापरली. पण खर्चाच्या मानाने तो व्यवहार परवडला नाही. कोळी आपल्या शिडाच्या होडीवर आणि भरती-ओहोटीच्या गणितावर राहिला. वारा पडला की मासळी होडीतच नासे, आणि घरी भाकरीचा प्रश्न उभा राही.

१९५० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेचे नौकातज्ज्ञ भारतात आले. दक्षिणेकडे अनेक ठिकाणी ओंडके बांधून केलेले तराफे आणि कोरीव डोण्या होत्या. त्यांत यंत्र बसविणे अशक्य, म्हणून तेथे नवी नौका आखावी लागली. मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र वेगळाच अनुभव आला. येथल्या मचव्यांची बांधणी अशी भरभक्कम आणि घडण अशी डौलदार होती की, आहे त्याच होडीत डिझेलचे इंजिन बसविता आले. शिकल्यासवरल्या जगाने आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या सुतारांना दिलेले हे प्रशस्तिपत्रक होते. वर्सोवा, सातपाटी इत्यादी गावांच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. कर्ज, डिझेल, बर्फ आणि मालविक्री यांची सोय त्यांनी केली. सातपाटीचे पापलेट आणि वर्सोव्याचे बोंबील बर्फात बसून दूरदूर जाऊ लागले. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, त्या मानामागे या मचव्यांचीही पुण्याई आहे.

पण इंजिन आले आणि जुन्या होडीची पारख बदलली. आता गिऱ्हाईक प्रथम विचारते, "किती सिलिंडरची?" लाकडाला वय झाले तरी वृद्ध माणसासारखे ते हळूहळू थकते आणि आधी कुरकुर करून सांगते, इंजिन जवान माणसासारखे एकाएकी बसते. शिवाय मोठ्या इंजिनाला डिझेल अधिक, डिझेलासाठी मासळी अधिक, मासळीसाठी आणखी लांबची फेरी, आणि लांबच्या फेरीसाठी पुन्हा मोठे इंजिन! हे चक्र ज्याच्या गळ्यात पडले तो होडीचा मालक राहात नाही, तिचा गडी होतो. दुसऱ्या रविवारची होडी अशीच होती. सहा सिलिंडरची, दिमाखदार. मालक तरुण, आणि विकण्याची त्याला फार घाई. भाच्याने पाटीवर हिशेब मांडला. किनाऱ्याजवळ मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. वाईट महिन्यात डिझेलचे देणेही फिटेना असा तो हिशेब निघाला. त्याने पाटी पुसली आणि आम्ही परतलो.

तिसरे युग कागदांचे. मासेमारी नौकांच्या नोंदणीची तरतूद १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात आली, आणि १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारीच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. तरीही जुन्या होडीचा व्यवहार कोळीवाड्यात पुष्कळसा शब्दावर चाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीने ते सारे बदलले. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट समुद्रात बळकावून अतिरेकी मुंबईजवळ आले, तिच्या तांडेलाला त्यांनी ठार केले आणि रबरी होडीतून ते कफ परेडच्या किनाऱ्यावर उतरले. एका साध्या मासेमारी बोटीच्या आडून केवढा अनर्थ होऊ शकतो, हे देशाने पाहिले. त्यानंतर नौकांची नोंदणी संगणकावर चढली, नौकांना ठरलेले रंग आणि अंगावर ठळक क्रमांक आले, खलाशांना ओळखपत्रे मिळाली. आज जुनी होडी घेणाऱ्याने नोंदणी पाहावी, मासेमारीचा परवाना पाहावा, विमा पाहावा, संस्थेचे आणि बँकेचे देणे फिटले आहे याचा दाखला घ्यावा, आणि मालक बदलल्याची नोंद होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या आणि बुडे उघडी असतात. पाहणीला याहून चांगला काळ नाही.

माझे काम येथे सुरू झाले. तिसऱ्या रविवारची होडी मध्यम, दोन सिलिंडरची, सतरा वर्षांची. रंग विटलेला. सुताराने ठोकली तेव्हा नाळेपासून सुकाणूपर्यंत ती एकाच सुरात बोलली. पाणी एकाच ठिकाणी ठिबकले, आणि ते मालकाने आधीच सांगितले होते. मी कागद मागितले. मालकाने पत्र्याची पेटी आणली. तीत नोंदणी, परवाना, संस्थेच्या पावत्या तर होत्याच. शिवाय सतरा वर्षांची एक वही होती. कोणत्या वर्षी किती तेल, किती राळ, कोणती फळी बदलली, सारे त्याच्या बायकोच्या अक्षरात लिहिलेले. होडीचा वाटा कोठे गेला याचा तो चोख जबाब होता. मी आयुष्यात अनेक दप्तरे पाहिली. इतके सच्चे क्वचित पाहिले.

मालकाची मुले नोकऱ्यांत गेली होती. भाव ठरला असे आम्ही धरून चाललो, तोच आतून त्याची वृद्ध आई बाहेर आली आणि भाच्याला प्रश्न विचारू लागली. पावसाळ्यात होडी कोठे ठेवणार? शाकारणार कशाने? नारळी पुनवेला नारळ कोण देणार? तू दारू पितोस का? आम्ही होडी पारखावयास आलो होतो; येथे होडीवालेच आम्हांला पारखीत होते! भाच्याने एकेक उत्तर खाली मान घालून दिले. शेवटी म्हातारी म्हणाली, "याला द्या. हजार कमी देईल तरी चालेल." आणि खरोखरच मालकाने हजार रुपये कमी घेतले. परवान्याची नोंद होईस्तोवर सव्वा महिना गेला. कचेरीच्या नोकरीचा कागद त्या अवधीत भाच्याने नम्रपणे परत पाठविला.

लाकूड, इंजिन आणि कागद या तिन्ही परीक्षा मी वर सांगितल्या, आणि तिन्ही आवश्यक आहेत. पण त्या वहीने मला जे दाखविले ते या तिन्हींच्या मुळाशी आहे. 'ट्रिंकोमाली' दोनशे वर्षे टिकली ती साग उत्तम होता म्हणून, हे खरे. पण उत्तम साग चुलीतही उत्तमच जळतो. आधी वाडियांनी ती मन लावून बांधली, पुढे मोडीच्या ढिगातून एकाने ती उचलली, आणि नंतरच्या प्रत्येक पिढीत कोणीतरी तिच्या देखभालीचा भार अंगावर घेतला. जुन्या होडीची किंमत म्हणजे तिच्यावर झालेल्या राखणीची किंमत. ती राखण बाजारात सुटी मिळत नाही; होडीबरोबरच घ्यावी लागते, आणि घेतली की पुढे चालवावी लागते. हे ज्याला मान्य नसेल त्याने खुशाल नवी घ्यावी.

असो. बहिणीच्या पाटल्या गेल्या, त्याबद्दल तिला विचारले तर ती हसते. मी तिला एक जाड बांधणीची वही भेट दिली आहे. पहिल्या पानावर तिने मागील सतरा वर्षांचा सारांश उतरून घेतला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात अठराव्या वर्षाचे तेल, राळ आणि एक फळी लिहिली.